आतून कुरतडणारा प्राणी : पश्चात्तापाला दात आणि पाय कुणी दिले?

माळरान

भागवताच्या सहाव्या स्कंधात वृत्राला मारल्यावर इंद्राचं पुढे काय होतं ते इथे कुणी नीट वाचलंय का? कीर्तनात दधीचीची हाडं येतात, वज्र येतं, वृत्र पडतो आणि कथा तिथेच आवरते. पण पुढचा तेरावा अध्याय वाचून मी हादरलोय. ब्रह्महत्या म्हातारीचं रूप घेऊन इंद्राच्या मागे लागते. अंग थरथरतंय, क्षयाने खंगलीय, कपडे रक्ताने भिजलेत, पिकलेले केस मोकळे सुटलेत, श्वासाला मासळीसारखी घाण आणि त्या घाणीने सगळी वाट नासलीय, आणि ओरडतेय काय तर 'तिष्ठ तिष्ठ', थांब थांब. देवांचा राजा आभाळभर पळतो, सगळ्या दिशांना पळतो आणि शेवटी मानस सरोवरात कमळाच्या देठातल्या तंतूंमध्ये शिरून बसतो. हजार वर्षं. तिथे त्याला धड खायलाही मिळत नाही, कारण यज्ञातला भाग पोचवणारा अग्नी, तो पाण्यात येणार कसा.

आता हेच ग्रीकांकडे बघा. इस्किलसची ऑरेस्टिया, इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला झालेली तीन नाटकं. ऑरेस्टिस बापाचा सूड म्हणून आईला मारतो आणि दुसऱ्या नाटकाच्या शेवटी त्याला एकदम सूड घेणाऱ्या देवता दिसायला लागतात, काळे कपडे, केसांत साप, डोळ्यांतून घाण गळतेय. आजूबाजूच्या बायका म्हणतात अरे हे मनाचे खेळ आहेत, तो म्हणतो तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसताहेत, माझ्या आईच्या संतापलेल्या कुत्र्या आहेत ह्या. आणि तिसऱ्या नाटकात त्या खरोखरच स्टेजवर येतात, सगळ्या प्रेक्षकांना दिसतात, रक्ताच्या वासावर शिकारी कुत्र्यांसारखा माग काढत.

नंतर बरोबर पन्नास वर्षांनी, ४०८ मध्ये, युरिपिडीस त्याच ऑरेस्टिसवर नाटक लिहितो. तिथे काका विचारतो, तुला झालंय काय, कुठल्या रोगाने खाल्लंय तुला? आणि उत्तर येतं की मी काय भयंकर केलंय ते मला कळतंय, हाच रोग. त्या बायका अजून आहेत त्याच्या बोलण्यात, पण बहीण त्याला बिछान्यावर धरून सांगते की पडून रहा, तुला वाटतंय तसं काही दिसत नाहीये. पन्नास वर्षांत तो प्राणी बाहेरून आत गेला!

माझं म्हणणं असं आहे की तो आत गेला आणि माणूस एकटा पडला. बाहेर होता तोपर्यंत त्याच्याशी बोलता यायचं. अथेन्सची देवी अथेना त्या बायकांशी वाद घालते, मनधरणी करते, शेवटी त्यांना शहरातच डोंगराखाली घर देते, मान देते, वर लोकांना सांगते की भीती गावातून पूर्ण हाकलून देऊ नका. इंद्राच्याही पापाची वाटणी होते, अश्वमेध होतो, काहीतरी निकाल लागतो. आणि आत बसलेल्याशी कोण वाटाघाट करणार? त्याला घर कुठे देणार, तो तर तुमच्याच घरात आहे. तुम्हाला काय वाटतं? अजून कुठे कुठे हा प्राणी भेटलाय तेही लिहा.

---

पोफळ

फारच छान धागा. मी गोव्याची, कॅथलिक घरातली, त्यामुळे मला लहानपणापासून ह्या प्राण्याचं नाव माहीत आहे, किडा. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाची शेवटची ओळ आहे, बंड केलेल्यांची प्रेतं पडलीत, त्यांचा किडा मरत नाही आणि त्यांची आग विझत नाही. तिथे तो साधा प्रेतं खाणारा किडा आहे बरं का, मनाबिनाचा काही संबंध नाही. तेच शब्द येशू मार्कच्या नवव्या अध्यायात नरकाबद्दल वापरतो. मग पुढे शेकडो वर्षं लोक विचार करत बसले की हा किडा नक्की कसला. संत ऑगस्टीन दोन्ही मतं मांडतो, आग शरीराला आणि किडा मनाला असं काही म्हणतात वगैरे. आणि मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस सरळ सांगतो की हा किडा शरीराचा नाही, ही सदसद्विवेकाची टोचणी आहे, आणि तिला किडा म्हणायचं कारण देतो की जसा कुजण्यातून किडा होतो आणि ज्याच्यातून झाला त्यालाच खातो तसंच हे पापाच्या कुजण्यातून जन्मतं. मला हे कारण भयंकर पटतं. तुमची म्हातारी बाहेरून येते, मारलेल्याच्या बाजूने येते. किडा कुणी पाठवत नाही, तो आपलाच असतो.

पण माळरान, 'एकटा पडला' हे मला मान्य नाही. ज्या चर्चने किडा आत घातला त्यांनीच दारही ठेवलं ना. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पाद्रीपुढे पापनिवेदन सगळ्यांना सक्तीचं केलं. आमच्याकडे कुमसार म्हणतात. माझी आजी ईस्टरच्या आधी कुमसाराला जायची त्याच्या आधीचे दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायची नाही आणि येताना मात्र बाजारातून काहीतरी घेऊन यायची, खाजं नाहीतर बोरं. आत काय बोलली ते आजोबांनाही कधी कळलं नाही. म्हणजे वाटाघाट होते, फक्त कानात होते.

---

ठिपका

माळरान, लेख आवडला पण 'पापाची वाटणी होते, निकाल लागतो' हे वाक्य तुम्ही जितक्या सहज लिहून पुढे गेलात तितक्या सहज मला जाता येत नाहीये, म्हणून जरा लांब लिहिते.

वाटणी कुणाकुणात झाली ते सांगा ना. तैत्तिरीय संहितेत गोष्ट आहे, ती वृत्राची नाही, देवांचा पुरोहित विश्वरूप ह्याला मारल्याची. इंद्र ते पाप ओंजळीत घेऊन वर्षभर हिंडतो, लोक त्याला ब्रह्महत्यारा म्हणून हाका मारतात. मग तो एक हिस्सा पृथ्वीला देतो, एक झाडांना आणि एक बायकांना. प्रत्येकीला बदल्यात वर देतो, पृथ्वीला खणलं तरी वर्षात भरून येईल, झाडाला तोडलं तरी फुटवा येईल. पृथ्वीवर ते पाप नापीक जमीन होऊन बसलं, झाडात लाल डिंक होऊन, आणि बायकांमध्ये मासिक पाळी होऊन. भागवतात ह्यात पाणीही येतं, त्याच्यावरचा फेस म्हणजे ते पाप. म्हणजे खून केला इंद्राने आणि चार दिवस बाहेर बसायची मी! आमच्या घरी ऋषिपंचमीची कहाणी वाचायचे, विटाळ पाळला नाही म्हणून ती बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि नवरा बैल. कुणाच्या पश्चात्तापाचा प्राणी कुणाच्या अंगावर सोडून दिलाय बघा.

दुसरं असं की तुम्ही म्हातारीचं वर्णन दिलंत त्यातला एक शब्द सोडलात. मूळ श्लोकात ती 'चाण्डालीमिव' आहे. म्हणजे पाप कसं दिसतं तर गावाबाहेर ठेवलेल्या बाईसारखं. आणि ही म्हातारी ब्राह्मण मारल्यावरच धावते. शंबूकाचं डोकं उडवलं तेव्हा रामाच्या मागे कोण धावलं? एकलव्याचा अंगठा मागितला तेव्हा द्रोणाच्या झोपेत कोण शिरलं? पश्चात्तापाच्या प्राण्याला कुणाच्या रक्ताचा वास येतो आणि कुणाच्या रक्ताचा येत नाही, हे आधी विचारायला हवं असं मला वाटतं.

---

कंदील

ठिपका +१००

---

माळरान

ठिपका, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, उत्तर शोधायचा प्रयत्नही करणार नाही कारण मुद्दा खराच आहे. इतकंच म्हणतो की बाहेरचा प्राणी दिसतो म्हणून तुम्हाला हा हिशोब मांडता आला. गोष्ट सांगणाऱ्याने लिहून ठेवलं की कुणाचं पाप कुणाच्या डोक्यावर गेलं. इंद्र नुसता 'मला आतून वाईट वाटतंय' म्हणून मोकळा झाला असता तर पृथ्वी, झाडं, बायका ह्यांच्यापर्यंत माग निघालाच नसता.

पोफळ, कुमसाराचा मुद्दा डोक्यात घोळतोय. कानात का होईना, दुसरा कुणीतरी लागतो हे महत्त्वाचं.

---

आडवाट

आपल्याकडे आतला किडा नाही असं वाटत असेल तर परीक्षिताची गोष्ट आठवा. शिकारीत तहानलेला, भुकेलेला राजा ध्यानात बसलेल्या शमीक ऋषींना हरणाचं विचारतो, ते मौनात, हा चिडून मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलून त्यांच्या गळ्यात टाकतो. ऋषींचा मुलगा शाप देतो, सातव्या दिवशी तक्षक चावेल. आता राजाला वाईट कधी वाटतं ते बघा. भागवतात शाप कळायच्या आधीच, घरी परतल्यावरच तो स्वतःला नीच म्हणतोय. महाभारतात शमीकांचा शिष्य निरोप घेऊन येतो तेव्हा त्याला मरणाच्या बातमीपेक्षा जास्त हे लागतं की ते मौनात होते आणि आपण असं केलं.

मग एका खांबावरच्या वाड्यात बंदोबस्त, मंत्र जाणणारे, वैद्य, औषधं, सगळं. सातवा दिवस मावळायला आलेला. फळं येतात आणि एका फळात बारीकसा किडा, तांबूस, काळ्या डोळ्यांचा. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत ते फळ म्हणजे बोरच असायचं, महाभारतात नुसतं फळ आहे. आणि राजा काय करतो? टाकून देत नाही. म्हणतो सूर्य बुडतोय, आता मला विषाची भीती नाही, हा किडाच तक्षक होऊन मला चावू दे म्हणजे त्या मुनीचा शब्द तरी खरा होईल, आणि हसत हसत स्वतःच्या हाताने तो किडा गळ्यावर ठेवतो. गळ्यावरच! जिथे त्याने तो साप टाकला होता तिथेच. शाप बाहेरचा, साप बाहेरचा, पण शेवटची जागा त्याने स्वतः दाखवली. मला पश्चात्तापाचं ह्याहून खरं चित्र कुठल्याच साहित्यात सापडलेलं नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणतोय.

आणि अजून एक, भागवतातच नरकांची यादी आहे पाचव्या स्कंधात, त्यात कृमिभोजन नावाचा नरक. आल्यागेल्याला न देता एकट्याने खाणारा लाख योजनांच्या किड्यांच्या कुंडात पडतो आणि तिथे तो स्वतःच किडा होऊन किडे खातो आणि किडे त्याला खातात. पोफळ ज्या 'आपलाच किडा' म्हणाल्या तो हाच का?

---

पोफळ

बाप रे. गळ्यावरच ठेवतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

सातवाहन

बौद्ध साहित्यातली एक रात्र सांगतो. अजातशत्रू, मगधाचा राजा, बाप बिंबिसाराला मारून गादीवर बसलेला. कार्तिकातली पौर्णिमा, गच्चीवर मंत्र्यांबरोबर बसलाय आणि म्हणतो काय सुंदर चांदणं आहे, आज कुणाकडे जावं म्हणजे मन शांत होईल? जीवक वैद्य म्हणतो माझ्या आमराईत बुद्ध आहेत. हत्तींवरून लवाजमा निघतो, आणि आमराई जवळ आल्यावर राजाच्या अंगावर काटा येतो. जीवका, मला फसवत नाहीस ना, शत्रूच्या हाती देत नाहीस ना, साडेबाराशे भिक्षू म्हणतोस आणि एक शिंक नाही, खोकला नाही? शांततेचीच भीती वाटते त्याला. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते ह्या रात्रीइतकं कुठे लागू पडत असेल असं वाटत नाही.

पुढे तो उपदेश ऐकतो आणि स्वतःहून सांगतो की मी राज्यासाठी धार्मिक बापाला मारलं. बुद्ध ते स्वीकारतात, दोष दोष म्हणून बघून सुधारणं ह्यात वाढ आहे म्हणतात. राजा गेल्यावर मात्र भिक्षूंना सांगतात की हा राजा आतून जायबंदी झालाय, बापाला मारलं नसतं तर इथेच बसल्या जागी त्याला धम्माची दृष्टी मिळाली असती. ही गोष्ट मला माळरानच्या मुद्द्याच्या मधोमध वाटते. बोलायला माणूस मिळाला, कबुली झाली, स्वीकारलीही गेली. पण खाल्लेलं भरून आलं नाही.

आणि प्राणी वगैरे काही न दाखवता केलेला पश्चात्ताप बघायचा तर अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंगात दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले, त्याच्या कितीतरी पट नंतर मेले, आणि आता त्याच्या शंभराव्या, हजाराव्या भागाचंही दुःख होतं असं राजा स्वतःच्या नावाने दगडावर लिहितो. पण हा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगढला, नाही! तिथे त्याजागी वेगळे लेख आहेत, सगळी माणसं माझी मुलं आहेत असे. ज्यांना मारलं त्यांनाच वाचता येणार नाही असा पश्चात्ताप. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडलेत, तिथे उभं राहिलो की मला हेच आठवत राहतं.

---

झुंबर

एक उलट बाजू मांडायची आहे. फ्रेंच लेखक सार्त्रचं 'माश्या' हे नाटक, १९४३, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झालेलं. गोष्ट तीच ऑरेस्टिसची, पण प्राणी म्हणजे गलेलठ्ठ माश्या, सगळं आर्गोस शहर त्यांनी भरलंय. राजाचा खून होऊन पंधरा वर्षं झालीत आणि तेव्हापासून अख्खं गाव काळे कपडे घालून पश्चात्ताप करतंय, दरवर्षी मेलेल्यांचा दिवस पाळतंय, छाती पिटतंय. आणि हे सगळं हवंय कुणाला? खून करून गादीवर बसलेल्या राजाला आणि ज्युपिटरला. गाव अपराधी भावनेत बुडलेलं असलं की वर मान करून बघत नाही. तेव्हा फ्रान्समध्ये जर्मनांपुढे शरण गेलेलं पेतांचं सरकार लोकांना हेच सांगत होतं की तुमच्या चैनीमुळे आपण हरलो, आता प्रायश्चित्त घ्या.

म्हणून मला अथेनाचं ते 'भीती हाकलून देऊ नका' ऐकलं की जरा धास्ती वाटते. भीती कुणाच्या हातात दिलीय? ठिपका म्हणतात तेच, पण दुसऱ्या टोकाने. कधी गुन्हेगाराच्या मागे प्राणी धावतच नाही आणि कधी ज्यांनी काही केलं नाही त्यांच्या घरात पाळायला दिला जातो.

---

कंदील

मॅकबेथ कुणी आणला नाही अजून म्हणून लिहितो. तिसऱ्या अंकात तो बायकोला म्हणतो माझं मन विंचवांनी भरलंय. आपल्याला विंचू म्हटलं की नाथांचं भारूड आठवणारच. नाथांचा विंचू काम-क्रोधाचा आहे, पश्चात्तापाचा नाही, हे मान्य. पण त्याचा शेवट बघा. उतारा दिला, तमोगुण गेला, तरी 'किंचित राहिली फुणफुण'. मला विंचू चावलाय एकदा, ती फुणफुण काय असते ते माहीत आहे. विष उतरलेलं असतं, डॉक्टर घरी जा म्हणतात आणि बोटात काहीतरी बारीक चालूच असतं. एवढा मोठा संत, पण सगळं झटक्यात बरं झालं म्हणत नाही, ती फुणफुण शांत करायला वेगळा जनार्दन स्वामी लागतो.

तुकोबा मात्र म्हणतात अनुतापाने दोष निमिषही न लागता जातो. मला दोन्ही पटतात आणि दोन्ही एकदम कसे पटतात ते कळत नाही.

---

आडवाट

कंदील, तुकोबांच्या पुढच्याच ओळीत अट आहे, तो अनुताप सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकला पाहिजे. म्हणजे दोष क्षणात गेला तरी अनुताप ठेवायचाच आहे. मग फार अंतर नाही दोघांत.

---

बरड

मी फक्त वाचायला येतो इथे, कधी लिहिलं नाही. पण हे सगळं वाचून आमच्या घरातलं सांगावंसं वाटतंय.

आमच्या आजोबांनी भावकीच्या वाटणीत विहिरीकडची जमीन स्वतःकडे घेतली आणि धाकट्या भावाला वरचं बरड रान दिलं. तेव्हा धाकटे आजोबा अठरा-एकोणीसचे, सही करायची तिथे सही करून मोकळे झाले, कधी एका शब्दाने बोलले नाहीत. लग्नकार्यात पहिली पंगत त्यांचीच असायची. पण आमचे आजोबा त्या विहिरीचं पाणी पीत नव्हते. शेताला सोडायचे, गुरांना पाजायचे, स्वतः मात्र गावातल्या आडाचंच. आम्हाला वाटायचं चव आवडत नसेल. शेवटी शेवटी रात्री उठून बसायचे आणि म्हणायचे उशाखाली घूस लागलीय, भिंत उकरतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला. वडिलांनी पिंजरा लावला, बिळं बुजवली, शेवटी ती अख्खी भिंत पाडून विटांची बांधली. आजोबा म्हणाले आता ती खाटेच्या माच्यात गेलीय.

ते गेले, धाकटे आजोबाही गेले. आता वडील त्या विहिरीचं पाणी पीत नाहीत. कारण विचारलं तर सांगत नाहीत. मी काही केलेलं नाही, वडिलांनीही नाही, पण चुलत भाऊ उन्हाळ्यात टँकर मागवतो तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नाही. हे असं वारशाने येतं का? आणि येत असेल तर ह्यावर काय करायचं असतं?

---

ठिपका

येतं. ऑरेस्टियाची सगळी गोष्ट त्याचीच आहे, आजोबांच्या पिढीत भावाभावात जे झालं ते नातवापर्यंत आलं. पण तुमच्याकडे एक फरक आहे, ज्याचा हक्क गेला त्याचा नातू जिवंत आहे, शेजारच्या रानात आहे. अशोकासारखं कलिंग सोडून दुसरीकडे दगडावर लिहू नका. आम्हाला सांगितलंत ते आधी त्याला सांगा.

---

माळरान

बरड, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी मघापासून नुसता बसून आहे. पहिल्या पोस्टमध्ये मी विचारत होतो आत बसलेल्याशी वाटाघाट कोण करणार. तुमच्या आजोबांनी त्याला घूस म्हणून सगळ्या घराला ऐकवलं, कुणाला ऐकू आलं नाही तरी ऐकवलं. आता ज्याला ऐकू आलंय तो तुम्ही.

---

सातवाहन

भावनेचं सगळ्यांनी लिहिलं, मी व्यवहाराचं लिहितो. विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा देता येतो, जमीन विकावी वा पुन्हा वाटावी लागत नाही. तोंडी पाळी ठरवू नका, पुढची पिढी मोडेल. वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या संमतीने नोंदणीकृत दस्त करा, त्यात पाण्याचा हिस्सा, पाळीचे दिवस, मोटार कुणाची, लाइटबिल कसं आणि पाइपलाइन कुठल्या बांधावरून जाणार हे सगळं स्पष्ट लिहा. मग तलाठ्याकडे फेरफार घालून सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करून घ्या. पण त्याच्याही आधी वडिलांशी बोला, वकिलाकडे जायच्या आधी. त्यांना ह्यातलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

---

बरड

विहीर वडिलांच्याच नावावर आहे. दिवाळीला गावी जातोय, तेव्हा विषय काढतो. बांधावरून पाइप न्यायला अडचण नाही, मधे आमचंच रान आहे.